पालथी काच

मी, वय एकतीस, अविवाहित, व्यवसाय जुन्या छायाचित्रांचे जतन, राहणार स्टुडिओच्या मागच्या दोन खोल्या, हे माझे पहिले आणि बहुधा शेवटचे मृत्युपत्र लिहून ठेवते. मला कोणी धरून बसवलेले नाही, धमकावलेले नाही, गोड बोलून वळवलेले नाही. सकाळचे दहा वाजले आहेत. चहा झाला आहे. काय लिहीत आहे ते मला कळते आहे.

याला एक अपवाद आहे. तो पहिल्याच पानावर नोंदवते, म्हणजे तो शोधून काढल्याचे समाधान पुढे कोणाला मिळू नये. माझ्या डोक्यात, कानाच्या वर आणि जरा मागे, एक गाठ आहे. तिच्यामुळे गेले चार महिने मला डावे आणि उजवे कळत नाही. बाकी सगळे कळते. वाचता येते, माणसे ओळखू येतात, काल काय झाले ते आठवते आणि कोण खोटे बोलते आहे तेही लक्षात येते. मेंदूच्या डॉक्टरांचे तसे प्रमाणपत्र परिशिष्ट 'ब' म्हणून जोडले आहे. परिशिष्ट 'अ' मध्ये या कागदात आलेल्या सर्वांची पूर्ण नावे व पत्ते आहेत. खाली मी त्यांना रोज ज्या नावाने हाक मारते तेच वापरले आहे.

ऑपरेशन अकरा तारखेला आहे. आई म्हणते, "साधं आहे म्हणाले ना ते, मग हे कशाला लिहीत बसलीस?"

"साधं आहे असं कोणीच म्हणालं नाही, आई. त्यांनी 'करून बघू' म्हटलंय."

मी परत आले तर खालची सगळी कामे स्वतः करीन आणि हा कागद फाडून टाकीन. नाही आले, तर तो लागू होईल.

१. या मृत्युपत्राचा मुख्य विषय घर नाही आणि बँकेतली ठेवही नाही. तो एक काच आहे. साडेसहा इंच रुंद, पावणेपाच इंच उंच, एका कोपऱ्यात टवका उडालेली. तिच्यावर जळालेल्या गिरणीच्या भिंतीचे छायाचित्र आहे. ती कोणाकडे जावी आणि कशी लावली जावी, एवढ्यासाठी मी हे लिहीत आहे. बाकीच्या गोष्टी आधी उरकते.

२. बँकेत जे आहे ते आईचे. तिला विचारण्याची गरज नाही, तिला कळवण्याची आहे. पासबुक शिलाईच्या डब्यात आहे, कारण तिथे ती सोडून कोणी हात घालत नाही.

३. देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. गाठीसकट. माझा फोटो मोठा करून भिंतीवर लावू नये. लावायचाच झाला तर तो कोपऱ्यावरच्या फ्लेक्सवाल्याकडून कोणत्याही परिस्थितीत करून घेऊ नये. त्याने शताब्दीच्या फलकासाठी गिरणी कामगारांच्या फोटोत रंग भरले आणि बहात्तर विणकरांना गुलाबी ओठ दिले. मी विचारले, तर म्हणाला, "ताई, लोकांना फ्रेश दिसायला पाहिजेत." त्यातले निम्मे लोक कापसाच्या धुळीने खोकून मेले. त्याला माझ्या मालमत्तेतून काहीही देऊ नये. ही तरतूद मी पूर्ण शुद्धीत केली आहे.

४. माझा स्कॅनर, प्रकाशपेटी, हातमोजे आणि रसायनांची मापे मी जिथे शिकले त्या संस्थेच्या प्रयोगशाळेला. स्कॅनरच्या झाकणाची बिजागरी ढिली आहे. ती मी पाचव्यांदा आवळणार होते.

५. आता काचांविषयी.

आमचा स्टुडिओ आजोबांनी काढला. त्यांनी पन्नास वर्षे या भागाचे फोटो काढले. वारले तेव्हा घर आणि दुकान त्यांनी माझ्या मोठ्या भावाला (यापुढे 'दादा') दिले आणि काचेच्या तीन हजारांवर निगेटिव्ह मला. तेव्हा मी सतरा वर्षांची होते. कारण त्यांनी कागदावरच लिहून ठेवले होते: "धाकटी काच पुसताना श्वास धरते." त्यामुळे काचांची कायदेशीर मालक मी आहे. दादाची त्यावर हरकत तेव्हाही नव्हती. तो म्हणाला होता, "घे बाई, मला अडगळ नको." मला घरात 'भिंग' म्हणतात, ते त्यानेच पाडलेले नाव आहे.

या काचांत काय आहे ते सांगणे जरूर आहे, कारण त्या कोणाला तरी मिळणार आहेत. पूल बांधून झाल्यावर त्याच्यावर पहिल्यांदा उभी राहिलेली माणसे, कठड्याला घट्ट धरून. मुलींच्या शाळेचा पहिला वर्ग, अकरा जणी, त्यातली एक हललेली, म्हणून तिला दोन चेहरे. नावाडी आणि त्याची नवी नाव. नाव स्पष्ट आहे, तो नाही. फुटबॉलचा संघ, ज्यात सात जणांच्या पायात बूट आहेत आणि चौघांनी पाय गवतात लपवले आहेत. विणकर बायकांची रांग. त्यांनी हात पाठीमागे घेतले आहेत, कारण आजोबा त्यांना म्हणाले होते, हात दाखवा, आणि त्यांना ते पटले नव्हते. मी प्रत्येक काच धुतली आहे, मोजली आहे, तिला क्रमांक दिला आहे. या भागात माणसे कशी उभी राहत, कशाची लाज धरत आणि कशाचा अभिमान, हे मला पुस्तकातून कळले नसते. एवढे बोलून मी भावुक होणे थांबवते.

येत्या तेवीस तारखेला गावाच्या शताब्दी समितीचे प्रदर्शन आहे: शंभर वर्षे, शंभर छायाचित्रे. त्यांतली त्रेसष्ट आमच्या स्टुडिओची आहेत. उद्घाटनाच्या दिवशी सगळा संग्रह समितीला दान करायचा आणि समितीने त्या दालनाला आजोबांचे नाव द्यायचे, असे ठरले आहे. पाटी तयार आहे. मी ती पाहिली आहे. दानपत्रावर मात्र मी अजून सही केलेली नाही.

६. क्रमांक सदतीस.

बासष्ट वर्षांपूर्वी गिरणीच्या विणकाम खात्याला आग लागली. खात्याच्या समोरच्या भिंतीला दोन दारे होती. एक नदीकडे, एक रस्त्याकडे. रस्त्याकडच्या दाराची किल्ली पहारेकऱ्याकडे असे. नदीकडच्या दाराची व्यवस्थापकाच्या कार्यालयात, कारण त्या दाराने बायका पाणी प्यायला बाहेर पडत आणि त्यात वेळ जाई. आग लागली तेव्हा एक दार उघडे होते आणि एकाला कुलूप होते. कुलपाच्या आत एकोणीस जण मेले.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी चिमणीला पाठ लावून त्या भिंतीचा फोटो काढला. मध्ये एक पोलीस उभा आहे. एका बाजूला मोकळे दार, दुसऱ्या बाजूला साखळी आणि कुलूप. तिसऱ्या दिवशी भिंत धोक्याची म्हणून पाडली. चार महिन्यांनी चौकशी बसली तेव्हा भिंत नव्हती, फक्त फोटो होता.

कुलपाच्या बाजूने तीन बायका खिडकीतून जिवंत बाहेर पडल्या होत्या. तिघींनी सांगितले, कुलूप नदीकडच्या दाराला होते. त्यांना फोटो दाखवला. फोटोत कुलूप रस्त्याकडच्या दाराला दिसत होते. चौकशीच्या छापील अहवालात वाक्य आहे: "धुरात व भीतीत दिशेचे भान राहत नाही, साक्षीदार स्त्रियांना डावे-उजवे सांगता आलेले नाही." पहारेकऱ्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. सुटल्यावर तो एक वर्ष जगला.

७. इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट समजावून सांगावी लागेल. ती अवघड नाही.

काचेच्या एका बाजूला रसायनाचा लेप असतो, त्यातच चित्र असते. दुसरी बाजू नुसती काच. आजोबा लेपाच्या बाजूला पोट म्हणत आणि दुसरीला पाठ. पोट वर असेल तर काच उताणी, खाली असेल तर पालथी. फोटो छापताना काचेचे पोट कागदाला लावायचे. पाठ लावली तर चित्र आरशातल्यासारखे उलटे येते, डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे. शिवाय मध्ये काचेची जाडी आल्यामुळे जरासे पुसट येते. मला काचांना हात लावू देण्याआधी आजोबा डोळे मिटायला लावत आणि विचारत, "उताणी की पालथी? आधी सांग, मग उचल." ओळखायचे ओठाने. काचेचा कोपरा ओल्या ओठाला लावायचा. पोट ओठाला चिकटते, पाठ सटकते. मी सहा वर्षांची असल्यापासून एकदाही चुकलेले नाही. ओठाला डावे-उजवे लागत नाही. आजही मी चुकत नाही, आणि हे ज्याला पडताळायचे असेल त्याने अकरा तारखेच्या आत यावे.

क्रमांक सदतीसचा जो फोटो अहवालात आहे, शाळेच्या पुस्तकात आहे, गिरणीच्या स्मारकावर लावला आहे, तो पालथ्या काचेवरून छापलेला आहे. समितीच्या सूचीत त्याखाली लिहिले आहे, "धुरामुळे किंचित अस्पष्ट." धुरामुळे नाही.

८. हे मला कळायला हवे होते, आणि ते कळण्याची संधी मला तीन वर्षांपूर्वी मिळाली होती. माझी चूक मी इथे लिहिते, कारण दुसऱ्यांच्या लिहिणार आहे.

तीन वर्षांपूर्वी मी ही काच स्कॅन केली. बरोबर ठेवली होती. पडद्यावर चित्र आले ते लहानपणापासून पाहिलेल्या फोटोच्या उलट. मला वाटले, माझ्याकडून पालथी ठेवली गेली. उठून काच ओठाला लावायची, तर मी एक बटण दाबले आणि चित्र उलटवले. आता ते सगळ्यांच्या फोटोसारखे दिसायला लागले. मी ते साठवले आणि पुढची काच घेतली. तेव्हा माझ्या डोक्यात गाठ नव्हती. माझ्याकडे हातमोजे होते, पदवी होती आणि भरपूर वेळ होता. मी काचेपेक्षा फोटोवर विश्वास ठेवला.

९. मागच्या गल्लीत कपडे दुरुस्त करण्याचे दुकान चालवणाऱ्या बाई (यापुढे 'मावशी', नात्याने नाहीत) या त्या पहारेकऱ्याची मुलगी. आगीच्या वेळी नऊ वर्षांच्या होत्या. गावात त्यांना कुलूपवाली म्हणतात. बरेच जण का म्हणतात ते विसरून म्हणतात. त्यांच्या वडिलांना पकडून नेल्यावर लोक सकाळी त्यांच्या घराच्या कडीला कुलूप अडकवून जात. किल्ली नसे. मग त्या मायलेकी खिडकीतून बाहेर पडत आणि लोहाराला बोलावून आणत. अशी अकरा कुलपे त्यांच्याकडे आहेत. कापड बेतताना हलू नये म्हणून त्या ती कापडावर ठेवतात.

मागच्या महिन्यात त्या माझ्या संगणकाच्या पडद्याचे कापडी आवरण शिवून घेऊन आल्या. पडद्यावर सदतीस क्रमांक उघडा होता, मोठा केलेला. मी तो पटकन बंद करायला हवा होता, पण माउस कोणत्या हाताला आहे ते शोधण्यात वेळ गेला. मावशी चष्मा वर करून बघत राहिल्या. मला वाटले, दाराकडे बघत आहेत. त्या पोलिसाकडे बघत होत्या.

"हा पोलीस बायकी शर्ट घालून आलाय का गं?"

"म्हणजे?"

"अगं, काजं बघ की. पुरुषांच्या शर्टाची बटणं उजव्या अंगाला असतात, बायकांची डाव्या. पन्नास वर्षं तेच करतेय मी. ह्याची सगळी उलटी. कुठल्या शिंप्याने शिवला, त्याला पहिला आत टाकायला पाहिजे होता."

आणि त्या हसल्या. मी हसले नाही. कोणते उजवे आणि कोणते डावे ते मला कळले नव्हते. पण बटणे उलटी आहेत एवढे कळले, आणि ते पुरेसे होते. त्या गेल्यावर मी काच काढली आणि कोपरा ओठाला लावला.

१०. आजोबांविषयी.

काचांची जुनी पाकिटे मी बदलली होती, पण टाकली नव्हती. सदतीस क्रमांकाचे पाकीट शोधून काढले. झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथे डिंक लावतात तिथे, आजोबांची पेन्सिल आहे. अक्षर त्यांचेच आहे, 'ळ' ला त्यांची गाठ आहे. मजकूर पूर्ण देते:

"पालथी छापली गेली. फोटो न्यायला माणूस दारात उभा होता, घाई झाली. निकालाच्या आधी कळलं. बोललो नाही. गिरणीचं काम होतं."

खाली तारीख आहे. ती निकालाच्या अकरा दिवस आधीची आहे.

त्यानंतर वीस वर्षे गिरणीचे सगळे फोटो आमच्या स्टुडिओने काढले. प्रदर्शनातल्या त्रेसष्टपैकी चाळीस तेच आहेत. वडिलांचे शिक्षण, दादाचे, माझे, मला ज्या संस्थेत चूक ओळखायला शिकवले तिथली फी, हे सगळे त्या कामातून आले. आजोबांनी मला प्रत्येक वेळी 'उताणी की पालथी' का विचारले असेल, याचा मी बराच विचार केला आहे. उत्तर मला नको आहे. ते माझ्याशी चांगले वागले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

पाकीट परिशिष्ट 'क' म्हणून जोडले आहे. ते समितीने मागितले तर दाखवावे, देऊ नये.

११. मी काच घेऊन मावशींच्या दुकानात गेले आणि सांगितले. त्यांनी मशीन थांबवले नाही. शिवण संपेपर्यंत पाय चालू होता. मग दोरा तोडला.

"बाबा म्हणायचे, माझं दार उघडं होतं, मी स्वतः उघडलं. आई म्हणायची, मग फोटोत बंद कसं? त्याच्यावरून रोज भांडण. मी आईच्या बाजूने होते."

त्यांनी दोरा पुन्हा सुईत ओवला.

"फोटो होता ना समोर. मी एकदा कुलूपवाले म्हटलंय त्यांना. एकदाच. घरातल्या घरात. जेवताना उठून गेले ते."

सुई कापडात टोचून म्हणाल्या, "दोन कुलपं होती म्हणजे. एक दाराला आणि एक तुझ्या आजोबांच्या तोंडाला. नाव मात्र आमचं पडलं." आणि मग, अगदी दुकानातल्या गिऱ्हाइकाला विचारावे तसे, "किती दिवस लागतील हे नीट व्हायला? मी एकाहत्तरची आहे."

मी सांगितले, प्रदर्शन तेवीसला आहे. माझे ऑपरेशन अकराला आहे हेही सांगितले. त्यांनी बोटांवर मोजले.

१२. मी समितीच्या चिटणीसांना पत्र लिहिले. त्यांचा फोन आला. "ताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर असेल. पण लोकांच्या डोळ्यांना तो फोटो तसाच बसलाय. आता शताब्दीत कुठे उकरायचं? आपण आनंदासाठी करतोय हे." मी म्हणाले, एकोणीस माणसांचा फोटो आनंदासाठी लावू नका, बाकी नव्व्याण्णव लावा. ते म्हणाले, दादांशी बोलतो.

दादाशी बोलणे झाले ते मी शब्दशः लिहिते. आम्ही दवाखान्यातून गाडीने परत येत होतो. गेले चार महिने तोच मला नेतो, आणतो, आणि माझी चप्पल ज्या पायाची त्या पायापुढे ठेवतो.

"भिंगे, म्हाताऱ्याला जाऊन चौदा वर्षं झाली. आता त्याला पुन्हा उभं करून काय मिळणार तुला?"

"त्यांना नाही उभं करत. काचेला करतेय."

"पाटीवर नाव आहे त्यांचं."

"वाचलंय मी. मला वाचता येतं."

त्याने गाडी वळवली. मग म्हणाला, आणि मला वाटते त्यालाही ते बोलायचे नव्हते, "कुणी मानणारे का हे? डॉक्टरांनी स्वतः लिहून दिलंय, तुला डावं-उजवं कळत नाही म्हणून."

मी खिडकीबाहेर बघितले. हे वाक्य मी आधी वाचले होते. चौकशीच्या अहवालात, पान एकेचाळीस.

१३. म्हणून खालील तरतुदी माझ्या डाव्या-उजव्यावर अवलंबून नाहीत.

(अ) क्रमांक सदतीसची काच, एकटी, मावशींना. त्यांच्यानंतर त्या ठरवतील तिला. काच उभी ठेवावी, आडवी नाही, आणि तिच्यावर कुलूप ठेवू नये.

(आ) बाकी सर्व काचा शताब्दी समितीला, एकाच अटीवर. प्रदर्शनात आणि त्यानंतरच्या दालनात सदतीसचा फोटो उताण्या काचेवरून, पोटाला कागद लावून, नव्याने छापून लावावा. तो मी छापून ठेवला आहे. कपाटात वरच्या फळीवर, पांढऱ्या पुठ्ठ्यात. त्याखाली एवढाच मजकूर असावा: "गिरणीची भिंत, आगीच्या दुसऱ्या दिवशी. कुलूप नदीकडच्या दाराला आहे. त्या दाराची किल्ली व्यवस्थापकाच्या कार्यालयात असे. जिवंत राहिलेल्या तीन स्त्रियांनी हे तेव्हाच सांगितले होते. आमच्या स्टुडिओने हा फोटो उलटा छापला आणि चूक कळल्यावरही सांगितले नाही." पाटीवर आजोबांचे नाव ठेवण्यास माझी हरकत नाही. फोटो त्यांनीच काढला आहे. तो बरोबर काढला होता.

(इ) अट मान्य नसल्यास सर्व काचा कलम चारमधल्या संस्थेला जाव्यात. तिथे त्या अंधाऱ्या खोलीत सुरक्षित राहतील आणि कोणी त्यांना गुलाबी ओठ देणार नाही.

(ई) ज्याला शंका असेल त्याने नवा फोटो घेऊन चिमणीपाशी जावे. गिरणीच्या जागी आता गाड्या लावतात, पण चिमणी आहे. तिला पाठ लावून उभे राहावे. नदी जिकडे होती तिकडेच आहे. मग फोटो समोर धरावा. त्यानंतर पोलिसाची बटणे बघावीत आणि स्वतःची बघावीत.

१४. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मी दादाकडे सोपवते. वकिलांनी मला हे करू नका असे सांगितले. दादाला हे काम नको आहे हे मला माहीत आहे. पण लहानपणी माझ्या हातून एक काच फुटली, तेव्हा "मी फोडली" असे त्याने आजोबांना सांगितले होते आणि आजतागायत खरे सांगितलेले नाही. दुसऱ्याची चूक अंगावर घेऊन गप्प बसणे त्याला जमते. आता उलटे करावे, बोलावे. माझे भिंग, पितळी कड्याचे, मी त्याला देते. कोणावर विश्वास ठेवायची गरज नाही. डोळ्याला लावून काच बघावी. त्याने नकार दिल्यास हे काम आमच्या घरच्या डॉक्टरांनी करावे.

दादा, तू चप्पल बरोबर ठेवायचास. हे कलम नाही.

१५. हे मृत्युपत्र मी स्वतः टाइप केले आहे. मावशींना यातून काच मिळणार असल्यामुळे त्यांना साक्षीदार होता येत नाही, म्हणून त्या बाहेरच्या बाकावर बसल्या आहेत. परवा मी कोटाच्या भलत्याच बाहीत हात घालत होते ते त्यांनी पाहिले. काही न बोलता त्यांनी माझ्या एका मनगटाच्या पट्टीवर एक जादा बटण शिवले, काळे, चार भोकांचे. "हा उजवा," म्हणाल्या. "विसरलीस तर चाचपून बघ."

खालची सही मी बटणाच्या हाताने केली आहे.

स्थळ: स्टुडिओ, मागची खोली, खिडकीजवळचे टेबल.
तारीख: सात ऑक्टोबर, मंगळवार, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे.

(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार पहिले, आमचे घरचे डॉक्टर, स्वतःच्या हस्ताक्षरात: वरील सही माझ्यासमोर झाली. लिहून ठेवणार यांना सर्व मजकूर समजतो. त्यांच्या सांगण्यावरून सही करण्यापूर्वी काच प्रकाशपेटीवर ठेवून पाहिली. उताणी होती, त्यांनी डोळे मिटून ओठाने ओळखली. तिच्यावरून छापलेल्या नव्या फोटोत पोलिसाच्या शर्टाची बटणे माझ्या शर्टाच्या बटणांच्याच बाजूला आहेत. (सही)

साक्षीदार दुसरे, चौकातले फ्रेमवाले काका, स्वतःच्या हस्ताक्षरात: सही माझ्यासमोर झाली. स्मारकावरच्या त्या फोटोची फ्रेम मीच केली होती. आज काच पाहिली, आणि येताना चिमणीला पाठ लावून उभा राहून आलो. कुलूप नदीकडच्या दाराला आहे. (सही)